प्लेक्सी क्लोन की स्मॉल बॉक्स? दहा महिने दोन्ही वाजवल्यावर

आधीच सांगतो, मी काही मोठा गिटारिस्ट नाही. शनिवार-रविवार जॅम, वर्षाला चार-पाच गिग, एवढंच. पण सत्तरच्या दशकातला हार्ड रॉक टोन, म्हणजे एसी/डीसी, फ्री, सुरुवातीचा व्हॅन हेलन, याचं वेड पंधरा वर्षं डोक्यात आहे आणि त्यापायी पेडल, मॉडेलर, प्लगइन सगळं करून झालं. शेवटी गेल्या नोव्हेंबरात सेरियाटोनचा ५० वॉटचा प्लेक्सी, म्हणजे मार्शलच्या जुन्या गिटार अँपची नक्कल (क्लोन) मागवला, मलेशियात हाताने सोल्डर करून बनवतात आणि मुख्य म्हणजे २३० व्होल्टचा मिळतो. त्याच सुमारास एक मित्र कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून पुण्यात परत आला, येताना फ्रीडमनचा स्मॉल बॉक्स ५० हा अँप घेऊन आला आणि भाड्याच्या वन बीएचकेत जागा नाही म्हणून माझ्याकडे आणून टाकला. तेव्हापासून दोन्ही अँप एकाच खोलीत, एकाच कॅबवर (स्पीकरच्या खोक्यावर), त्याच लेस पॉल आणि एसजी या दोन गिटारांनी वाजवतोय.

दोघांचं मूळ घराणं एकच. जिम मार्शलच्या लंडनमधल्या दुकानात साठच्या दशकाच्या सुरुवातीला फेंडर बॅसमनचं सर्किट समोर ठेवून जेटीएम४५ बनला, त्यातूनच पुढे प्लेक्सी आला. माझा क्लोन ज्याच्यावर बेतलाय त्या मॉडेलचा नंबर १९८७ आहे, ते साल नाही, यावर मी स्वतः दोन वर्षं फसलो होतो. चार इनपुट, दोन व्हॉल्यूम (ब्राइट आणि नॉर्मल चॅनलचे), मास्टर (एकूण आवाजाचं बटण) नाही, इफेक्ट लूप (डिले म्हणजे प्रतिध्वनीसारखे इफेक्ट अँपच्या मधे जोडायची जागा) नाही, काहीच नाही. फ्रीडमनचं वेगळं. डेव्ह फ्रीडमनने लॉस एंजेलिसमध्ये वर्षानुवर्षं लोकांचे मार्शल उघडून त्यात बदल केले आणि तेच पुढे स्वतःच्या नावाने बनवायला लागला, त्यामुळे स्मॉल बॉक्समध्ये एक चॅनल प्लेक्सीच्या वळणाचा, दुसरा जास्त गेनचा, म्हणजे जास्त फाटलेल्या आवाजाचा ब्राउन आय, वर मास्टर आणि लूप.

पहिले दोन महिने मला वाटलं पैसे पाण्यात गेले. प्लेक्सीचा व्हॉल्यूम दोनवर ठेवला तर आवाज असा काही कर्कश की पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा, आणि तीनवर नेला की खालच्या काकू वर. याचं कारण नंतर कळलं. ब्राइट चॅनलच्या व्हॉल्यूम पॉटवर (फिरवायच्या बटणामागच्या भागावर) एक कॅपॅसिटर असतो, व्हॉल्यूम कमी असताना तो वरच्या फ्रिक्वेन्सी सरळ पुढे सोडतो आणि बाकीच्या अडतात, पॉट जसजसा वर न्याल तसतसा त्याचा परिणाम विरत जातो. म्हणजे हा अँप सात-आठवर वाजवायचा असं धरूनच बनवलाय, दोनवर वाजवणाऱ्या पुणेकराचा विचार त्यात नाही. दोन्ही चॅनल छोट्या पॅच केबलने जोडायचे, ब्राइट चारवर, नॉर्मल सहावर, की तळ भरतो आणि टोचणं बरंच कमी होतं. मग एक रिअॅक्टिव्ह लोड असलेला अॅटेन्युएटर घेतला (अँप आणि स्पीकरच्या मध्ये बसतो, अँपला स्पीकरसारखाच भार दाखवतो आणि आवाज कमी करतो) आणि तिथून पुढे खरी मजा सुरू झाली, पण अॅटेन्युएटर लावला की स्पीकरचा कोन हलत नाही हे मात्र जाणवतंच, हवा ढकलली जात नाही, पोटात काही होत नाही.

पूर्ण उघडा एकदाच ऐकलाय. विसर्जनाच्या दिवशी, पथक बिल्डिंगखालून जात होतं, चाळीस-पन्नास ढोल, कुणाला काय ऐकू येणार. अॅटेन्युएटर काढला, दोन्ही व्हॉल्यूम आठ, एसजी लावली आणि नुसता ए कॉर्ड. काय सांगू. प्रत्येक तार वेगळी ऐकू येते, तरी सगळं मिळून एक भिंत, आणि गिटारचा व्हॉल्यूम सहावर आणला की जवळपास क्लीन. बायको दार उघडून काहीतरी म्हणाली, मला तिचे फक्त ओठ हलताना दिसले.

त्या दिवशी एक गोष्ट पक्की झाली, आपण सगळे गेन जास्त लावतो. आपल्याला जो जाड, रागीट आवाज आठवतो तो प्रत्यक्षात बराच स्वच्छ असतो, त्यातला दम पॉवर व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर ताणले गेल्यामुळे येतो, प्रीअँपच्या (अँपमधल्या सुरुवातीच्या टप्प्याच्या) खरखरीतून नाही. एसी/डीसीच्या माल्कम यंगची ऱ्हिदम नीट ऐका, किती कमी डिस्टॉर्शन आहे. त्याच बँडच्या लीड गिटारिस्ट अँगसकडे वरून शेफर-वेगा वायरलेस होतं, ते सिग्नल दाबून-फुगवून पुढच्या अँपला जोरात ढकलायचं, म्हणजे तिथेही जादा धक्का अँपच्या बाहेरून. आणि व्हॅन हेलनच्या एडीने तर व्हेरिअॅक लावून मार्शलचं व्होल्टेज अमेरिकेतल्या १२० वरून ९० च्या आसपास उतरवलं होतं. (व्हेरिअॅक म्हणजे आपल्या इंजिनिअरिंगच्या लॅबमधला डिमरस्टॅट. मी अजून प्रयोग केलेला नाही, डिमरस्टॅट शोधून ठेवलाय.)

आता स्मॉल बॉक्स. खरं सांगायचं तर आठवड्यातले पाच दिवस मी हाच वाजवतो. रात्री जेवणं झाल्यावर मास्टर थोडासा उघडला की टोन तयार, चिडचिड नाही. ब्राउन आय चॅनलवर चुका झाकल्या जातात, पिक थोडं इकडेतिकडे पडलं तरी सगळं गुळगुळीत बाहेर येतं, सोलो वाजवताना आपण आहोत त्यापेक्षा बरे वाटतो. हेच मला हळूहळू खटकायला लागलं. प्लेक्सीवर आलो की तीच फ्रेज लंगडी निघायची. चार-पाच महिन्यांनी लक्षात आलं की प्लेक्सीमुळे माझा उजवा हात सुधारलाय. स्मॉल बॉक्सचा प्लेक्सी चॅनल पण छानच आहे, पण तो कमी व्हॉल्यूमला जास्त गोड आणि मोठ्या व्हॉल्यूमला जरा दाबलेला वाटतो, माझा क्लोन याच्या बरोबर उलटा. आणि ट्रेबल-मिडल-बास दोन्ही चॅनलना एकच असल्यामुळे एकाचं जमवलं की दुसऱ्याचं थोडं बिघडतं. पण गिगला डिले वापरणार असाल तर लूपला पर्याय नाही, आवाज फाटलेल्या अँपच्या आधी डिले लावला की नुसता चिखल होतो.

अधेमधे पंधरा दिवस सोल्डानोचा एसएलओ-१०० पण मिळाला होता, १९८७ पासूनचं हे डिझाइन, बुटीक (छोट्या प्रमाणावर बनणाऱ्या) अँपच्या दुनियेतलं मोठं नाव. जबरदस्त अँप, पण त्याचा ओव्हरड्राइव्ह ऐंशीच्या दशकाच्या शेवटचा, मला हवा तो नाही, परत दिला. आणि कृपया घरासाठी १०० वॉट घेऊ नका. ५० आणि १०० मध्ये फरक फक्त ३ डेसिबलचा, वजन मात्र पाठीला कळतं.

कॅबबद्दल लोक कमी बोलतात आणि निम्मा टोन तिथे आहे. चार स्पीकरचा कॅब आमच्या लिफ्टमध्ये जाईना, म्हणून सुताराकडून मरीन प्लायचा दोन स्पीकरचा करून घेतला, मागून बंद. सेलेस्टियनचे ग्रीनबॅक स्पीकर टाकणार होतो पण ते २५-२५ वॉटचे, आणि पूर्ण उघडलेला ५० वॉटचा प्लेक्सी ५० च्या बराच वर जातो, म्हणून त्यांचेच जी१२एच, ३० वॉटवाले घेतले. दोन्ही १६ ओहमचे, पॅरललमध्ये ८. बास घट्ट, वरचा भाग जरा कडक, मला आवडतो. आधी मित्राचे व्हिंटेज ३० हे स्पीकर लावून बघितले होते, मिड इतका पुढे येतो की तासाभरात कान दुखतात.

देखभालीचं पण सांगतो. कुरियरवाल्याने खोका असा काही आपटला होता की एक ईएल३४ (पॉवर व्हॉल्व्ह) आतून खुळखुळत आला, तक्रारीचं उत्तर आजपर्यंत नाही. नवीन जोडी घेऊन बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा वर करून आत बघितलं आणि म्हणाले, "अहो, हा तर आपला व्हॉल्व्हचा रेडिओच, फक्त स्टेशन लागत नाही." बायस (वाजवत नसताना व्हॉल्व्हमधून किती करंट वाहायचा ते) त्यांनीच लावला. प्लेटवर ४४० व्होल्ट निघाले, ईएल३४ ची मर्यादा २५ वॉट, त्याच्या ७० टक्के म्हणजे साडेसतरा, भागिले ४४०, म्हणजे ४० मिलीअँपच्या आत. काकांनी ३६ वर ठेवला, म्हणे रात्री लाइन २४५ ला जाते, थोडी जागा असू दे. स्वतः हात घालू नका, प्लग काढल्यावरही आतले मोठे कॅपॅसिटर जीव घेण्याइतके भरलेले राहू शकतात. पावसाळ्यात प्लेक्सीचे पॉट करकरायला लागले, काँटॅक्ट क्लीनर मारून दहा मिनिटांत ठीक. स्मॉल बॉक्स अमेरिकेतून आणलेला, १२० व्होल्टचा, म्हणून त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, तो चांगल्या प्रतीचा आणि पुरेशा क्षमतेचा घ्या, माझा पहिला स्वस्तातला अर्ध्या तासात हात भाजेल इतका तापायचा.

एकच ठेवायचा झाला तर मी प्लेक्सी ठेवीन, जरी वाजवतो कमी. मित्राने आता बाणेरला टू बीएचके घेतलाय, मागच्या रविवारी अँप न्यायला आला होता. निघताना सहज म्हणून प्लेक्सीवर बसला, दोन तास उठला नाही, आणि आता म्हणतोय सहा महिने अदलाबदल करू. मी अजून हो म्हटलेलं नाही. त्याचा अँप आणि ट्रान्सफॉर्मर अजून माझ्याच टेबलाखाली आहेत.