टिळकवाडीतला स्पॅनिश क्लास: सर फुल मार्क, झेरॉक्स नापास

भाचीला शिकायला बाहेर जायचंय म्हणून तिच्याबरोबर नुसती चौकशी करायला गेलो आणि मीच फी भरून आलो, तिनं आठवड्यात सोडला, मी अजून जातोय. क्लासचं नाव लिहीत नाही, खाली तक्रार पण आहे म्हणून.

पहिल्या दिवशी वही उघडून बसलो तर सरांनी विचारलं, कुठली भाषा शिकायला आलाय? सगळे एकदम, स्पॅनिश! मग तास सगळा त्या नावावरच गेला. स्पेनचे लोक तिला एस्पान्योल म्हणतात, पण अर्जेंटिनात बरेच जण कास्तेयानो म्हणतात. कास्तेयानो म्हणजे कास्तिया प्रांताची, आणि ते नाव आलं लॅटिनमधल्या किल्ल्यांच्या शब्दावरून. बेळगावच्या पोराला किल्ला म्हटलं की समजतंय लगेच. 1492 चं नेब्रिहा नावाच्या पंडिताचं व्याकरण कास्तेयानाचं, स्पेनच्या भाषा अकादमीची डिक्शनरी पण त्याच नावाची होती, 1925 ला तिनं एस्पान्योला केलं. आणि 1978 च्या स्पेनच्या राज्यघटनेत परत कास्तेयानो, कारण कातालान, बास्क, गालिसियन ह्यापण स्पेनच्याच भाषा की वो. आमच्याकडं 2014 पासून बोर्डावर बेळगावी आणि तोंडात बेळगाव, त्यामुळं हे कुणाला दोनदा सांगावं लागलं नाही.

खरी मजा पुढंच. एस्पान्योल मुळात लॅटिन हिस्पानियावरून, पण शब्द त्यांच्या घरचा नाहीच म्हणे! लॅटिन पोर्ताचं त्यांच्याकडं पुएर्ता झालं, म्हणजे दार, त्याच चालीनं हा शब्द एस्पान्युएलो व्हायला पाहिजे होता. झाला नाही, कारण तो पिरेनीज डोंगरापलीकडून, म्हणजे दक्षिण फ्रान्सातल्या प्रोव्हान्सकडून आला असं अभ्यासक मानतात. शेजाऱ्यांनी ठेवलेलं नाव, तेच चिकटलं. सरांनी फळ्यावर पोर्ता, पुएर्ता लिहून बाण काढला तेवढ्यात करंट गेला, तरी मोबाईलच्या टॉर्चवर पुरा केला माणसानं.

तक्रार झेरॉक्सची. एस्पान्योलमधल्या न वर लाटेसारखी रेघ असते, जुन्या काळी दोन न लिहायचा कंटाळा म्हणून एकावर एक टाकायचे त्याची ती खूण. आमच्या नोट्समध्ये ती रेघच उडालीय. आता आन्यो म्हणजे वर्ष, आणि रेघ गेली की जो शब्द होतो तो बसायच्या जागेचा, त्यामुळं आख्ख्या बॅचनं वय सांगताना काय लिहिलं ते इथं सांगता येत नाही. ऑफिसात दोनदा सांगितलं, बघू म्हणाले.

गाडी लावायला जागा नाही, चालत जा. आणि लाल पेन न्या, रेघा आपल्या आपण माराव्या लागतात.