पॉन्टिॲक ग्राँ प्री जीटीपी (२००२): कपलरचा खडखडाट आणि पुलीचा मोह

या गाडीबद्दल सविस्तर लिहायचे ते आणखी एक हिवाळा काढल्यावर, असे मी ठरवले होते. परंतु गेल्या महिन्यात एका गॅरेजने हातात ठेवलेल्या अंदाजपत्रकामुळे ते आताच लिहितो आहे. 'सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा ढकलणारे यंत्र) निकामी, संपूर्ण बदलणे आवश्यक' असा शेरा त्यावर होता आणि मजुरी धरून येणारा आकडा मी ही गाडी ज्या किमतीला घेतली तिच्या फारसा मागे नव्हता. प्रत्यक्षात झिजला होता तो कपलर, म्हणजे तळहातावर सहज मावणारी प्लास्टिकची एक चकती, जिची किंमत चौघांच्या एका साध्या जेवणाएवढीही होत नाही. पुढील मजकुरात या कपलरला त्याच्या आकाराच्या मानाने बरीच अधिक जागा मिळाली आहे आणि ती कमी करण्याची माझी इच्छा नाही.

गाडीची मूळ माहिती सर्वांना ठाऊक असेलच: ३.८ लिटरचे एल६७ व्ही-सिक्स इंजिन, २४० अश्वशक्ती, ईटनचा एम९० सुपरचार्जर, चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि पुढच्या चाकांना ताकद. मी मिशिगनमध्ये, डेट्रॉईटच्या वायव्येस असलेल्या नोव्हाय येथे राहतो. गेल्या वसंतापासून ही गाडी रोज कामावर नेतो आणि सवड मिळेल तेव्हा मायलन येथील ड्रॅगवेवर, म्हणजे सरळ पट्टीवरील शर्यतीच्या मैदानावर. पहिल्या काही आठवड्यांत जे मत झाले ते आजही कायम आहे. कमी आरपीएमवर पाय दाबताच ही गाडी ज्या तत्परतेने पुढे जाते, ती तत्परता मला माझ्या नव्या टर्बो गाडीत जाणवत नाही. टर्बोला एक्झॉस्टच्या वायूची वाट पाहावी लागते. येथे सुपरचार्जर पट्ट्याने थेट क्रँकशाफ्टशी जोडलेला असल्यामुळे वाट पाहण्याचा प्रश्नच येत नाही. दोन हजारच्या दशकात पुण्यामुंबईत ज्यांनी मर्सिडीजच्या सी-क्लासच्या पाठीवर 'कॉम्प्रेसर' ही अक्षरे वाचली असतील, त्यांनी याच जातीची गाडी पाहिली आहे. फरक एवढाच की ती गाडी साहेबांना मागच्या सीटवर बसवून नेत असे आणि ही शनिवारी पाव मैलाच्या पट्टीवर उभी राहते.

आता कपलर. पट्ट्याची पुली ज्या शाफ्टवर बसते तो शाफ्ट आणि हवा ढकलणाऱ्या आतील दोन रोटरना फिरवणारे गिअर यांच्यामध्ये हा तुकडा असतो. दोन्ही बाजूंच्या पिना त्याच्या छिद्रांत शिरतात आणि सगळी ताकद त्या पिनांमधून जाते. इंजिनाचे फिरणे बाहेरून वाटते तितके एकसारखे नसते. प्रत्येक सिलिंडर पेटताना क्रँकशाफ्टला एक झटका बसतो, तो पट्ट्यावाटे वर पोहोचतो, आणि गिअरच्या दातांनी तो सोसू नये म्हणून मध्ये पोलादाऐवजी प्लास्टिक ठेवलेले आहे. अनेक वर्षांनी छिद्रे लांबट होतात, पिना त्यांत सैल पडतात आणि गाडी सिग्नलला उभी असताना पत्र्याच्या डब्यात चिंचोके हलवल्यासारखा आवाज येऊ लागतो. ॲक्सिलरेटर दाबला की तो आवाज नाहीसा होतो, कारण बायपासची झडप बंद होऊन रोटरवर भार येतो आणि पिना छिद्राच्या एकाच कडेला टेकून राहतात. उभ्या गाडीत खडखडाट आणि भार येताच शांतता, एवढ्या लक्षणावरून निदान बहुतेक होते. बेअरिंग गेले असते तर आवाज वेगाबरोबर वाढत गेला असता. झिजण्यासाठीच केलेला भाग वीस वर्षांनी झिजला, यात मला गाडी बनवणाऱ्यांविषयी कोणतीही तक्रार नाही.

तक्रार आहे ती गॅरेजविषयी. काउंटरवरील गृहस्थ अत्यंत सभ्य होते, परंतु "आम्ही सुपरचार्जर उघडत नाही, बदलतो" या एका वाक्यापलीकडे ते जायला तयार नव्हते. पट्टा काढून पुली हाताने थोडी पुढेमागे फिरवली तर कपलरमधील ढिलाई बोटांना कळते, आणि या तपासणीला पट्टा काढण्याचा वेळ धरूनही फारसा वेळ लागत नाही. ती केली होती का, असे मी विचारले. ती केलेली नव्हती. आवाज ऐकून निर्णय झाला होता. तरीही निदानाचे शुल्क पूर्ण लावलेले होते. तेव्हा मी एवढीच विनंती केली की, कोणती तपासणी केली ते बिलावर लेखी द्यावे. त्यानंतर बराच वेळ आत चर्चा झाली आणि शुल्क निम्मे झाले. उरलेले निम्मे मी का भरले, असा प्रश्न घरी विचारला गेला आणि त्याचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे अजूनही नाही.

काम मी एका मित्राच्या गॅरेजमध्ये केले. पट्टा, थ्रॉटलची केबल, इंधनाची रेल वगैरे बाजूला करून सुपरचार्जर उचलून बाकावर ठेवला, पुढचा स्नाउट, म्हणजे पुलीचा शाफ्ट धरणारा भाग, सोडवला आणि जुना कपलर हातात आला. त्याची छिद्रे अंडाकृती झाली होती. गिअर आणि बेअरिंग मात्र निर्दोष होते. म्हणजे जो अवयव वाचवण्यासाठी कपलर असतो तो त्याने वाचवला होता आणि गॅरेज नेमका तोच अवयव भंगारात टाकायला निघाले होते. सुपरचार्जरचे तेल इंजिनाच्या तेलापासून पूर्णपणे वेगळे असते आणि ते बदलायला खाली बोल्टही नसतो, त्यामुळे एरवी ते पुढच्या छिद्रातून पिचकारीने ओढून काढावे लागते. बहुतेक मालक ते कधीच बदलत नाहीत. माझ्या गाडीतून निघालेले तेल काळे, पातळ आणि असह्य दुर्गंधीचे होते. नवे तेलही काही अत्तर नसते, पण जुन्याचा वास दोन वेळा साबण लावूनही हाताला राहतो. नवे तेल चार औंसांच्या, म्हणजे सुमारे ११८ मिलिलिटरच्या बाटलीत मिळते आणि आकारमानाच्या हिशेबाने ते मी विकत घेतलेले सर्वांत महाग तेल असावे. तरीही ही गाडी घेणाऱ्याने सर्वप्रथम काय करावे, तर हे तेल बदलावे. टायर आणि ब्रेक नंतर पाहता येतील.

मायलनला जाणे मी सुरू केले ते गाडीच्या हौसेपोटी. तेथे जात राहिलो ते तेथील वयस्कर मंडळींच्या गप्पांमुळे. पाव मैलाच्या पट्टीशेजारी घडीच्या खुर्च्या टाकून बसणाऱ्या या लोकांची तरुण वर्षे सुपरचार्जरच्या पुली बदलण्यात गेली आहेत. त्यांच्यातील एकाकडे १९८९ ची थंडरबर्ड सुपर कूप होती. तिच्यावरही ईटनचाच एम९० होता, परंतु जोडीला ती हवा थंड करणारा इंटरकूलर होता आणि ताकद मागच्या चाकांना जात असे. त्यामुळे 'खरी सुपरचार्जरची गाडी कोणती' हा वाद दर खेपेला नव्याने रंगतो. दुसऱ्याने २००३ ची मस्टँग कोब्रा पळवली आहे. कारखान्यातून ३९० अश्वशक्ती घेऊन येणाऱ्या त्या गाडीत केवळ लहान पुली आणि संगणकाची नवी जुळणी करून किती ताकद वाढत असे, ते सांगताना त्याचा आवाज आपोआप चढतो. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात सुपरचार्जरवर बर्फाच्या पिशव्या ठेवायच्या आणि रांग पुढे सरकली की त्या घाईघाईने काढायच्या, हा त्या काळचा सर्वमान्य विधी होता व तो आजही चालू आहे. पुढच्या चाकांच्या गाड्यांची रडकथा वेगळी. सुटताना वजन मागे जाते, पुढची चाके हलकी होऊन जागीच फिरतात आणि सगळी ताकद धुरात जाते. म्हणून जीटीपीवाले पुढे मऊ ड्रॅग टायर लावत, मागच्या टायरांत हवा अधिक भरत आणि पहिले साठ फूट संयमाने काढत. मूळ स्थितीतील जीटीपी पाव मैलाला सुमारे पंधरा सेकंद घेते. तेरा सेकंदांच्या घरातील वेळेच्या छापील स्लिप ज्यांनी जपून ठेवल्या आहेत ते त्या पाकिटातून काढून दाखवतात, आणि त्या पाहताना हे गृहस्थ तारुण्यात घरखर्चाचे काय करत असतील, असा विचार माझ्या मनात आल्यावाचून राहत नाही.

पुलीबद्दलचे माझे मत मात्र या काळात पूर्ण बदलले. मूळ पुली ३.८ इंचांची असते. माझ्या गाडीवर आधीच्या मालकाने ३.४ इंचांची बसवलेली होती. व्यास कमी झाला की सुपरचार्जर तितक्याच आरपीएमला सुमारे बारा टक्के अधिक वेगाने फिरतो आणि हवेचा दाब वाढतो. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मी ही पुली म्हणजे गाडीतील सर्वांत उत्तम गोष्ट आहे, असे भेटेल त्याला सांगत होतो. पुढे गाडीच्या संगणकाला स्कॅनर जोडला आणि नॉक रिटार्डचा, म्हणजे ठिणगी किती अंश उशिरा दिली जाते त्याचा, आकडा दिसू लागला. एम९० हा रूट्स पद्धतीचा आहे. तो हवा स्वतःच्या आत दाबत नाही, केवळ पुढे ढकलतो, आणि त्या प्रक्रियेत ती बरीच तापते. एल६७ ला कारखान्यातून इंटरकूलर दिलेला नाही. हवा तापली की सिलिंडरमध्ये मिश्रण वेळेआधी भडकते, नॉक सेन्सर ते ऐकतो आणि संगणक इंजिन वाचवण्यासाठी ठिणगी उशिरा देऊ लागतो. जुलैच्या दुपारी माझ्या गाडीत तो सहा-सात अंश मागे घेत होता. म्हणजे पुलीने एका हाताने दिलेली ताकद संगणक दुसऱ्या हाताने परत घेत होता आणि वर मी महागड्या पेट्रोलचे पैसे भरत होतो.

सुदैवाने आधीच्या मालकाने बदलता येणारी कडी असलेला हब बसवला होता, त्यामुळे मूळ ३.८ इंचांवर परत जाणे सोपे ठरले. त्याच हवामानात, त्याच पट्टीवर स्लिपवरील वेळ जवळजवळ तीच आली आणि शेवटच्या टप्प्यातील वेग किंचित वाढला. खुर्च्यांवरील मंडळींना याचे मुळीच आश्चर्य वाटले नाही. त्यांचा क्रम ठरलेला आहे: आधी ९१ ऐवजी ८२ अंश सेल्सिअसला उघडणारा थर्मोस्टॅट, मग थंड प्रकृतीचे प्लग, मग मागच्या बाजूचा अरुंद डाउनपाइप, म्हणजे इंजिनातून धूर खाली नेणारा पाइप, काढून मोकळा एक्झॉस्ट, आणि स्कॅनरवर रिटार्ड शून्य दिसल्यावरच लहान पुली. अधिक वेगाने फिरणारा आणि अधिक दाब झेलणारा सुपरचार्जर कपलरलाही लवकर खात असावा, हा माझा तर्क आहे. त्यांच्यापैकी दोघांनी त्यावर मान डोलावली आणि एकाने ठाम विरोध केला.

ज्या गोष्टीने अनपेक्षित आनंद दिला ती म्हणजे खालचे इंजिन. सुपरचार्जरचे कौतुक सगळे करतात, पण तो झेलतो कोण, तर लोखंडी ब्लॉक आणि लोखंडी हेड असलेले हे पुशरॉडचे जुनाट व्ही-सिक्स. त्याचा वंश ब्युइकने साठच्या दशकाच्या आरंभी आणलेल्या व्ही-सिक्सपर्यंत जातो. १९६७ साली त्याची सगळी यंत्रसामग्री कायझर जीपला विकून टाकण्यात आली आणि इंधनटंचाईने लहान इंजिनांची गरज भासू लागल्यावर १९७४ मध्ये ती परत विकत घेतली गेली. विकलेले भांडे परत घेण्याचा असा व्यवहार आपल्याकडे क्वचितच फायद्याचा ठरतो. येथे त्यातून पुढची तीन दशके चाललेले इंजिन मिळाले. मिशिगनमधीलच फ्लिंट येथे त्याचे उत्पादन २००८ मध्ये थांबले. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण, ८.५ इतके कमी ठेवल्यामुळे सुपरचार्जरचा दाब ते निमूटपणे सोसते. माझ्या गाडीने लाखाहून अधिक मैल पार केले आहेत आणि दोन तेलबदलांच्या मधल्या काळात डिपस्टिकवरील पातळी हलत नाही.

बाकीचे थोडक्यात सांगतो. येथील रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात, त्यामुळे गाडी घेताना दारांखालची पट्टी आणि मागच्या चाकांच्या कमानी हाताने चाचपून पाहाव्यात. इंजिन दुरुस्त होते, कुजलेला पत्रा होत नाही. पेट्रोल ९३ ऑक्टेनचेच घालावे, म्हणजे भारतातील पंपावरच्या मोजणीने साधारण ९८ चे. त्यात काटकसर केली तर ती नॉक रिटार्डच्या रूपाने लगेच वसूल होते. पट्ट्याच्या ताणकाजवळील कूलंटचे प्लास्टिकचे कोपरे या वयात ठिसूळ झालेले असतात, तेव्हा सुपरचार्जर उघडलेलाच असेल तर ते त्याच वेळी बदलावेत. ते अगदी स्वस्त आहेत. काचेवर वेग दाखवणारी हेड-अप डिस्प्लेची सोय मुलांना आवडते, मला तिची गरज वाटत नाही. गिअरबॉक्स सध्या ठीक आहे, परंतु ड्रॅग टायरवर वारंवार सुटल्यास त्याच्या आतील डिफरन्शियलचे आयुष्य घटते, असे सर्वांचे एकमत आहे, म्हणून ते टायर मी घेतलेले नाहीत.

उन्हाळ्यापर्यंत मोकळा डाउनपाइप बसेल आणि त्यानंतर ३.४ ऐवजी ३.५ इंचांची पुली लावून पाहीन. कपलरचा एक जादा नग आणि तेलाच्या दोन बाटल्या आणून ठेवल्या आहेत. मूळ पुली काढण्याचा पुलरही आता माझ्याकडे आहे. नोव्हायच्या आसपास कोणाला तो लागला तर विनामूल्य मिळेल. फक्त मागचा अनुभव लक्षात घेता अनामत रक्कम आधी घेईन.