रिपेअर मारायचं की हरवलेला तुकडा शोधायचा?

ईआरपीत, म्हणजे कंपनीची खरेदी, बिलं, हिशोब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, रिपोर्ट काढताना ‘क्लास नॉट रजिस्टर्ड’ किंवा ‘मॉड्यूल सापडलं नाही’ अशी चौकट आली, की दोन वाटा फुटतात. एक तर क्लायंट (ईआरपीचा आपल्या पीसीवर बसवलेला भाग) रिपेअर करायचा, नाहीच जमलं तर काढून पुन्हा टाकायचा. नाहीतर प्रोसेस मॉनिटर हे विंडोजवरच्या प्रोग्रॅमच्या हालचाली नोंदवणारं साधन लावून प्रोग्रॅम नेमकं काय मागतोय आणि त्याला काय मिळत नाहीये ते बघायचं. बरीच वर्षं मी डोळे झाकून पहिली वाट धरत होतो. आता सहसा दुसरीने जातो.

रिपेअरची बाजू लंगडी आहे असं मात्र मुळीच नाही. अँटिव्हायरसने एखादी डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी कोडची फाइल) उचलून क्वारंटाइनमध्ये टाकली असेल किंवा अपडेट मध्येच तुटलं असेल, तर रिपेअरने बहुतेकदा काम होतं. हेल्पडेस्कवर कालच रुजू झालेला मुलगाही ते करू शकतो. महिनाअखेरीची बिलं अडकलेली असताना हे फार मोलाचं असतं.

माझं मन फिरलं ते एका मशीनमुळे. खरेदी विभागातल्या एका मॅडमच्या पीसीवर एक्सेलमधून ऑर्डर आयात होईनात. मेसेज होता, एसीई ओएलईडीबी १२.० हा प्रोव्हायडर (एक्सेलच्या फायली वाचून देणारा मायक्रोसॉफ्टचा तुकडा) या मशीनवर रजिस्टर नाही. मी क्लायंट तीनदा काढून पुन्हा टाकला. दर वेळी त्यांचे स्क्रीन लेआउट आणि प्रिंटरची सेटिंग्ज उडाली, दर वेळी त्यांनी ती मुकाट्याने परत लावली, आणि आयात होती तिथेच अडलेली. शेवटी प्रोसेस मॉनिटर लावला. क्लायंट ३२ बिट, त्यामुळे तो रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या नोंदवहीच्या) ‘वॉव६४३२नोड’ या ३२ बिट प्रोग्रॅमसाठीच्या कप्प्यात बघत होता आणि पुढे निकाल होता ‘नेम नॉट फाउंड’. त्या पीसीवर ऑफिस नुकतंच बदललं होतं, आणि २०१९च्या आवृत्तीपासून मुद्दाम निवडलं नाही तर ऑफिस ६४ बिटच बसतं; त्याचा प्रोव्हायडर ३२ बिट क्लायंटला वापरता येत नाही. हरवलेला तुकडा ईआरपीचा नव्हताच! ३२ बिट ऑफिस टाकल्यावर आयात सुरू झाली. त्या मॅडमचा फुकट गेलेला वेळ मला आजही टोचतो.

रिपेअरचं हेच मला खटकतं. एरर गेली तरी काय दुरुस्त झालं ते कळत नाही, त्यामुळे पुढच्या अपडेटनंतर ती परत आली की आपण पुन्हा पहिल्या पायरीवर.

प्रोसेस मॉनिटरचाही त्रास आहेच. काही क्षणांत लाखभर ओळी जमतात, आणि ‘नेम नॉट फाउंड’च्या बहुतेक ओळी निरुपद्रवी असतात, कारण विंडोज एकच डीएलएल ओळीने अनेक फोल्डरमध्ये शोधत जातं. अ‍ॅडमिन हक्क लागतात. तुकडा अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवर (ईआरपीचं मुख्य काम चालतं त्या मशीनवर) हरवला असेल, तर क्लायंटवर कितीही शोधा, काही दिसणार नाही. मी फिल्टर फक्त ईआरपीच्या प्रोसेसवर ठेवतो, एररची चौकट आली की ओके न दाबता कॅप्चर (मॉनिटरची नोंदणी) थांबवतो आणि खालून वर वाचत जातो. तरी उलगडलं नाही, तर चालत्या मशीनवर तेच कॅप्चर घेऊन दोन्ही शेजारी ठेवतो. फरक बहुधा तिथेच सापडतो.

सापडल्यावरही घाई नको. एरर १२६मध्ये (‘मॉड्यूल सापडलं नाही’ हीच ती) नाव एका डीएलएलचं येतं, पण पुष्कळदा ती जागेवरच असते. नसते ती तिला लागणारी दुसरी, बऱ्याचदा व्हिज्युअल सी++च्या रनटाइममधली (अनेक प्रोग्रॅमना लागणारा मायक्रोसॉफ्टचा सामायिक संच). आणि ३२ बिट डीएलएल रजिस्टर करायची तर ‘सिसवॉव६४’ फोल्डरमधला रेगएसव्हीआर३२ (डीएलएल रजिस्टर करणारा विंडोजचा छोटा प्रोग्रॅम) वापरा. ६४ बिटवाला ‘सिस्टम३२’मध्ये असतो. नावं उलटी वाटतात, पण आहे तसंच.

एकाच मशीनवर, पहिल्यांदाच आणि अपडेटच्या दुसऱ्या दिवशी एरर आली, तर रिपेअर करून बघायला माझी हरकत नाही. तीच एरर दुसऱ्यांदा आली किंवा शेजारच्या मशीनवरही दिसली, तर मी तरी रिपेअरच्या वाटेला जाणार नाही. तुमच्याकडची मांडणी वेगळी असू शकते. पण रिपेअर मारायचंच ठरलं, तर आधी दोन मिनिटांचं कॅप्चर सेव्ह करून ठेवा, कारण रिपेअरनंतर ती मोडकी अवस्था पुन्हा बघायला मिळत नाही.