जुना फोन रिकामा करताना : गॅलेक्सी ए३५ आणि फोंड्याच्या तिस्कावरील एका दुकानाचा अनुभव

२०२४ च्या श्रावणात माझ्या जुन्या फोनची चार्जिंगची खाच इतकी ढिली झाली की केबल एका ठरावीक कोनात धरून ठेवल्याशिवाय तो चार्ज होईना. सहा पावसाळे आणि आमच्याकडची दमट हवा त्याने सोसली होती. बँकेच्या ॲपने त्याआधीच त्या फोनवर चालणे बंद केले होते, कारण त्यातील अँड्रॉइडची आवृत्ती मागे पडली होती. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तीन आठवड्यांवर आली होती. त्या धांदलीत फोनने अवसान गाळू नये, म्हणून मी लगेच नवा घ्यायचे ठरवले आणि सॅमसंगचा गॅलेक्सी ए३५ घेतला. त्याला आता वर्षाहून अधिक काळ लोटला आहे. फोन निवडणे हे माझे एका आठवड्याचे काम झाले, आतले सगळे सुखरूप पलीकडे नेणे मात्र महिनाभर चालले, म्हणून या परीक्षणातही त्या दुसऱ्या कामाला अधिक जागा दिली आहे.

मी गोव्यात अंत्रूज महालातील, म्हणजे फोंडा तालुक्यातील, एका गावात राहते आणि मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. जुन्या फोनमध्ये आठशेवर संपर्क, अकरा हजारांच्या आसपास छायाचित्रे, पालकांचे आणि आमच्या भजनी मंडळाचे व्हॉट्सॲप गट असे सगळे होतेच. परंतु माझा जीव गुंतला होता तो ४३ ध्वनिमुद्रणांत. माझ्या मावशीला धालोंची गाणी तोंडपाठ होती. पौषात मांडावर, म्हणजे त्यासाठी ठरलेल्या मोकळ्या जागेत, बायका समोरासमोर दोन रांगा करून जी गाणी म्हणतात, त्यांतील कितीतरी कडवी आमच्या वाड्यावर फक्त तिलाच येत होती. २०१९ आणि २०२० या दोन वर्षांत मी तिच्या ओसरीवर बसून ती मुद्रित केली. मावशी आता नाही. त्यामुळे कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आहे, हा प्रश्न माझ्यासाठी पहिला नव्हता. मेमरी कार्डाची खाच आहे की नाही, हा होता.

या एका अटीवर बरेच फोन बाद होतात. आयफोनला आणि गुगलच्या पिक्सेलला ही खाच नाही, आणि अलीकडे इतर कंपन्यांच्या मध्यम किमतीच्या फोनांतूनही ती नाहीशी होऊ लागली आहे. सॅमसंगच्या याच मालिकेत २०२५ साली आलेल्या ए३६ मध्ये ती नाही, ए३५ मध्ये आहे. मात्र ही खाच सामायिक असते, म्हणजे तीत एकतर दोन सिम बसतात किंवा एक सिम आणि एक कार्ड. माझे सिम एकच असल्याने अडचण आली नाही, पण घरचा आणि धंद्याचा असे दोन क्रमांक वापरणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे. माझी दुसरी अट होती ती सुधारणांची. जुना फोन चार्जिंगच्या खाचेमुळे थकला, पण त्याआधी तो आवृत्तीमुळे निकामी ठरला होता. ए३५ अँड्रॉइड १४ सह बाजारात आला आणि त्याला अँड्रॉइडच्या चार पुढच्या आवृत्त्या व पाच वर्षे सुरक्षा सुधारणा देण्याचे कंपनीने जाहीर केलेले आहे. सहा-सहा वर्षे एकच फोन वापरणाऱ्या माझ्यासारख्या ग्राहकाला हा आकडा कॅमेऱ्याच्या आकड्यापेक्षा जास्त उपयोगाचा आहे.

तिसरी गोष्ट पाण्याची. या फोनला आयपी६७ हे मानांकन आहे, आणि गोव्यात त्याचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे. यातील सहाचा आकडा धुळीचा आहे आणि सातचा पाण्याचा. एक मीटर खोल गोड्या पाण्यात तीस मिनिटे, अशी ती कसोटी असते. आषाढातल्या पावसात शाळेपर्यंत जाताना, दिवाडीच्या फेरीबोटीवर उडालेल्या तुषारांत किंवा विहिरीच्या काठावर त्यामुळे धीर येतो. समुद्राच्या पाण्याला मात्र हे मानांकन लागू नाही, आणि कंपनीच सांगते की किनाऱ्यावर किंवा तरणतलावात फोन पाण्यात नेऊ नये. मिठाने खाचेतले धातूचे भाग गंजतात. फोन पाण्यात बुडवून दाखवणाऱ्या जाहिराती पाहून मिरामारला लाटांत उभे राहून छायाचित्रे काढणारे पाहिले की मला काळजी वाटते.

फोन कोणता घ्यायचा ते ठरले तरी कुठे घ्यायचा हे ठरायला वेळ लागला. पणजीतील एका मोठ्या दुकानात मला सांगण्यात आले की दोन्ही फोन आणि जुना फोन उघडण्याचा पॅटर्न ठेवून जा, संध्याकाळी सगळे तयार मिळेल. माझ्या खात्यांची, विद्यार्थ्यांच्या पालकांच्या संदेशांची आणि घरच्या छायाचित्रांची किल्ली अनोळखी माणसाच्या हाती देऊन बाजार करत फिरणे मला पटले नाही, आणि कोणालाही पटू नये असे मला मनापासून वाटते. मग मी फोंड्याला तिस्कावरील एका लहान दुकानात गेले. तिथल्या मुलाने पेटी उघडण्याआधीच मला आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, तपासायला सांगितले: पेटीवरील पंधरा आकडी क्रमांकाच्या आधी रोमन लिपीत केवायएम ही तीन अक्षरे आणि एक मोकळी जागा देऊन १४४२२ या क्रमांकावर संदेश पाठवला की त्या फोनची नोंद काय आहे ते कळते. पेटी उघडल्यावर *#०६# दाबून तोच क्रमांक फोनवरही दिसतो का, हेही त्याने दाखवले. एखाद्या दुकानावर विश्वास ठेवायला एवढे पुरेसे असते. त्यानंतर त्याने कोपऱ्यातले टेबल रिकामे करून दिले आणि म्हणाला, “बाई, बसात, घाई ना.” दोन्ही फोन शेवटपर्यंत माझ्याच समोर होते. या कामाचे त्याने वेगळे पैसे घेतले नाहीत.

सॅमसंगचे स्मार्ट स्विच हे ॲप जुन्या फोनवरही प्ले स्टोअरमधून घेता येते आणि दोन्ही फोन केबलने किंवा केबलशिवाय जोडता येतात. केबलने काम लवकर होते, पण माझ्या जुन्या फोनच्या खाचेचा भरवसा नसल्याने आम्ही बिनकेबलीचा मार्ग घेतला. फोन चार्जिंगला लावून, केबल योग्य कोनात राहावी म्हणून तिच्याखाली माझी डायरी ठेवली आणि अडीच तास तिला कोणी हात लावला नाही. छायाचित्रे, एसएमएस, कॉलची नोंद, फोनमधले संपर्क हे सगळे व्यवस्थित आले. ॲप्स आली ती मात्र बहुतेक रिकामी आली. म्हणजे चिन्ह दिसते, पण आत पुन्हा नाव-पासवर्ड द्यावे लागते. सगळे तसेच्या तसे येते असे जे सांगतात, त्यांनी एकदा आपल्याच फोनवर करून पाहावे.

व्हॉट्सॲपचे काम स्वतंत्रपणे करावे लागले, आणि तिथेच मी थोडक्यात वाचले. माझा समज असा होता की रोज रात्री गुगल ड्राइव्हवर बॅकअप होतो. प्रत्यक्षात शेवटचा बॅकअप पाच महिन्यांपूर्वीचा निघाला. गुगलची मोफत जागा १५ जीबी असते. १ जून २०२१ पासून नवी छायाचित्रे तीत मोजली जातात, आणि २०२४ पासून अँड्रॉइडवरील व्हॉट्सॲपचे बॅकअपही तीतच मोजले जाऊ लागले. माझी जागा भरली आणि बॅकअप थांबला, तो माझ्या लक्षातही आला नाही. सुदैवाने २०२३ पासून व्हॉट्सॲपमध्येच एका अँड्रॉइड फोनमधून दुसऱ्यात संभाषणे थेट नेण्याची सोय आहे. नव्या फोनवर त्याच क्रमांकाने नोंदणी केली की जुन्या संभाषणांबद्दल विचारणा होते, तिथे क्यूआर कोड दिसतो आणि तो जुन्या फोनमधून वाचायचा असतो. ही विचारणा घाईने ओलांडून पुढे गेले की ॲप काढून पुन्हा बसवावे लागते, म्हणून त्या एका पडद्यावर थांबून नीट वाचावे आणि तोवर जुन्या फोनमधील व्हॉट्सॲप काढून टाकू नये. मंडळाचा सहा वर्षांचा गट, त्यातल्या गवळणींच्या चालींसह, वीस मिनिटांत इकडे आला.

संपर्कांत एक अडचण निघाली, जी विशेषतः देवनागरीत नावे लिहिणाऱ्यांना येते. साठेक संपर्क फोनमध्ये नसून फार पूर्वीपासून सिमवर होते. सिमवर नावासाठी मुळातच थोडी जागा असते. देवनागरी अक्षर तिथे रोमन अक्षराच्या दुप्पट जागा घेते, आणि मात्रा, वेलांटी, हलन्त ही चिन्हे वेगळी मोजली जातात. त्यामुळे ‘सावित्री वहिनी मडकई’ असे लिहिलेले नाव ‘सावित्’ एवढेच उरले होते. असे अर्धवट नाव कोणाचे आहे हे शोधण्यासाठी मी पाच-सहा जणींना फोन करून आवाजावरून ओळखले. नावे सिमवर न ठेवता फोनमध्ये किंवा गुगल खात्यात ठेवावीत, आणि फोन बदलण्याच्या आदल्या आठवड्यातच ती हलवावीत.

पैशांच्या बाबतीत उतावीळपणा करू नये. यूपीआय हे फोन आणि सिम या जोडीला बांधलेले असते, त्यामुळे नव्या फोनवर सिम घालून, त्यातूनच एसएमएस जाऊ देऊन पुन्हा नोंदणी करावी लागते. एसएमएससाठी शिल्लक नसेल तर गाडी तिथेच अडते. नोंदणीनंतर पहिले २४ तास मला ५,००० रुपयांपर्यंतच व्यवहार करता येत होते, म्हणून फोनचे पैसे मी आधीच जुन्या डेबिट कार्डाने दिले होते ते बरे झाले. याहून मोठी खबरदारी सिमची. सिम बदलून नवे घेतले तर त्यावरील एसएमएस २४ तास बंद ठेवले जातात, जेणेकरून चोरून सिम बदलणाऱ्याला ओटीपी मिळू नये. नियम योग्यच आहे, पण फोन आणि सिम एकाच दिवशी बदलले तर यूपीआयची नोंदणी दुसऱ्या दिवसापर्यंत होत नाही. दुकानातल्या मुलाने मला जुनेच सिम नव्या फोनमध्ये घालायला सांगितले, त्यामागचे कारण हेच होते. डिजिलॉकरमधील कागदपत्रे लॉगिन करताच दिसली. एमआधारमधील माहिती मात्र एका वेळी एकाच फोनवर चालते, तेव्हा ती नव्या फोनवर पुन्हा घ्यावी लागली.

हे सगळे आटोपून मी संध्याकाळी घरी आले आणि मावशीची गाणी शोधली. एकही नव्हते.

त्या रात्रीबद्दल जास्त लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी शांतपणे पाहिल्यावर कारण कळले. २०१९ मध्ये मी मुद्रणासाठी जे ॲप घेतले होते ते मुद्रणे स्वतःच्या बंदिस्त जागेत ठेवत होते. अशा जागेत इतर ॲपना, म्हणजे स्मार्ट स्विचलाही, प्रवेश नसतो. ते ॲप काढून टाकले असते किंवा जुना फोन त्याच दिवशी पुसून बदली दिला असता, तर ती ४३ मुद्रणे कायमची गेली असती. जुन्या फोनवर ते ॲप उघडून, एकेक मुद्रण निवडून, बाहेर सामान्य फोल्डरमध्ये काढावे लागले. चार्ज टिकेल तेवढा वेळ बसायचे, असे मी ते काम आठ संध्याकाळी केले.

त्यात आणखी एक धडा होता. छायाचित्राची तारीख सहसा त्या फाइलच्या आतच लिहिलेली असते, म्हणून कॉपी झाली तरी ती बदलत नाही. व्हॉट्सॲपवरून आलेल्या छायाचित्रांतली ही माहिती निघून गेलेली असते, फक्त फाइलच्या नावात तारखेचे आकडे उरतात. माझ्या मुद्रणांच्या नावात तर तेही नव्हते, आणि कॉपी करताच सगळ्यांवर ऑगस्ट २०२४ ही तारीख पडली. म्हणून जुन्या ॲपमधील यादी समोर ठेवून मी प्रत्येक मुद्रणाला मूळ दिवस आणि गाण्याचा पहिला शब्द असे नाव दिले. एक प्रत कार्डावर, एक भावाच्या संगणकावर आणि एक घरी कपाटात ठेवलेल्या दुसऱ्या कार्डावर आहे. कार्डही कधीतरी बिघडतेच.

फोनविषयी उरलेले थोडक्यात. ६.६ इंचांच्या पडद्यावर मराठी मजकूर मोठ्या अक्षरांत सुखाने वाचता येतो आणि ५,००० एमएएचची बॅटरी माझ्या वापराला दिवसभर पुरून उरते. पेटीत चार्जर नसतो. २५ वॉटचा वेगळा घ्यावा लागतो, तेव्हा तो खर्च आधीच हिशेबात धरावा. इयरफोनची जुनी गोल खाच नाही. वजन २०९ ग्रॅम आहे, हे लहान हाताच्या व्यक्तीने दुकानात धरून पाहावे. कीबोर्डने जुन्या फोनवर शिकलेली आमच्या गावांची आणि मुलांची नावे नव्यावर आली नाहीत, ती त्याला पुन्हा शिकवावी लागली.

जुना फोन मी मार्गशीर्षात पुसला, त्यातले गुगल खाते आधी काढून. पौषात मांडावर नव्या मुली शिकायला बसल्या तेव्हा नव्या फोनवरून मावशीची गाणी लावली. चौदाव्या मुद्रणात ती मध्येच थांबून माझ्याकडे पाणी मागते, आणि तांब्या खाली ठेवल्याचा आवाजही त्यात आला आहे. तो भाग मी कापलेला नाही.