लेनालिडोमाइडची कॅप्सूल: औषध चांगले, बाटली अपुरी

आईला मल्टिपल मायलोमा झाल्याचे निदान होऊन आता दोन वर्षे होतील. हा अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा कर्करोग आहे आणि त्यावर ती लेनालिडोमाइड नावाची कॅप्सूल घरीच, तोंडावाटे घेते. कर्करोगाचे औषध म्हटले की सलाईन आणि रुग्णालयाची खाट डोळ्यांपुढे येते. इथे रोज रात्री नऊ वाजता पाण्याबरोबर एक कॅप्सूल गिळायची असते, इतकेच. पण रुग्णालयात जी काळजी परिचारिका घेते ती सगळी घरातल्या माणसांना घ्यावी लागते, आणि त्या कामात हे उत्पादन आम्हाला कितपत साथ देते, हे इथे सविस्तर लिहीत आहे.

औषधाच्या गुणाबद्दल माझी तक्रार नाही. चार महिन्यांत आईच्या रक्तातले एम प्रोटीन (या रोगट पेशी तयार करतात ते प्रथिन) निम्म्याहून खाली आले, पाठीचे दुखणे कमी झाले आणि ती पुन्हा जिना चढू लागली. सुरुवातीला अंगावर पुरळ उठले, रात्री पोटऱ्यांत गोळे येत आणि थकवा तर अजूनही आहे. सर्वसाधारणपणे या उपचाराची सुरुवात २५ मिलिग्रॅमने होते. २१ दिवस रोज एक कॅप्सूल आणि मग सात दिवस विश्रांती, असे २८ दिवसांचे एक चक्र असते. हे औषध मुख्यतः मूत्रपिंडावाटे शरीराबाहेर पडते आणि आईची मूत्रपिंडे आजारामुळे आधीच अशक्त झाली होती, म्हणून तिला १० मिलिग्रॅमच दिले गेले. रुग्णालयाच्या बाकावर शेजारी बसणाऱ्या गृहस्थांना २५ मिळतात हे ऐकून आम्ही अस्वस्थ झालो होतो, परंतु डॉक्टरांनी रक्ताचा अहवाल समोर ठेवून समजावल्यावर ती शंका मिटली.

माझी खरी तक्रार बाटलीबद्दल आहे. आम्हाला मिळते ती जेनेरिक औषधाची, ३० कॅप्सूलांची बाटली. चक्रात लागतात २१, म्हणजे नऊ शिल्लक राहतात, आणि ‘आता थांबा’ असे सांगणारी एकही खूण त्या बाटलीवर नाही. आई पानात वाढलेले कधीही न टाकणाऱ्या पिढीतली. बाटली अजून संपलेली नाही म्हणून तिने बाविसाव्या आणि तेविसाव्या दिवशीही कॅप्सूल घेतली, आणि चोविसाव्या दिवशी मी मोजायला बसलो तेव्हा ते उघडकीला आले. डॉक्टरांना तत्काळ फोन केला, त्यांनी लगेच रक्त तपासायला सांगितले आणि पांढऱ्या पेशी उतरलेल्या दिसल्यामुळे पुढचे चक्र आठवडाभर पुढे ढकलले. त्या दोन कॅप्सूलांमुळेच पेशी उतरल्या असे ते म्हणाले नाहीत, कारण हे औषध एरवीही पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी करते. पण सात दिवसांचा खंड अस्थिमज्जेला सावरायला दिलेला असतो, तो उपचाराचाच भाग आहे, हे त्या दिवशी आम्हाला नीट कळले. युरोपात मूळ औषध २१ कॅप्सूलांच्या वेष्टनातही मिळते. आपल्याकडच्या उत्पादकांनी एवढी एक गोष्ट केली, तरी कितीतरी घरांतली चूक टळेल असे मला मनापासून वाटते.

तोपर्यंत आम्ही भिंतीवरच्या कालनिर्णयावर २१ तारखांना लाल गोल आणि सात तारखांना निळी फुली करतो, आणि कॅप्सूल गिळल्यावरच आई त्या गोलात टिंब देते. एखाद्या रात्री विसर पडला आणि सकाळी सात वाजता आठवले, तर बारा तास उलटलेले नसल्यामुळे ती तेव्हा घेता येते. बारा तासांहून अधिक झाले असतील तर ती सोडून द्यायची आणि पुढची नेहमीच्या वेळी एकच घ्यायची, दोन कधीही नाही.

मधल्या काळात आम्ही आठवड्याच्या सात खणांची प्लास्टिकची डबी आणली होती. रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी ती सोयीची आहे, पण या कॅप्सूलसाठी घेऊ नये. पावसाळ्यात एका खणातली कॅप्सूल मऊ होऊन तिचे टोपण सैल झाले आणि भुकटी सांडली. त्याच आठवड्यात माझी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती आणि डबी भरण्याचे काम तिने आपणहून मागून घेतले होते. लेनालिडोमाइड हे थॅलिडोमाइडच्या कुळातले औषध आहे. थॅलिडोमाइड १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत झोपेचे औषध म्हणून विक्रीला आले, गरोदर स्त्रियांना मळमळीसाठीही दिले गेले, आणि १९६१ मध्ये ते मागे घेतले जाईपर्यंत हजारो मुले हातापायांच्या गंभीर व्यंगांसह जन्माला आली. म्हणून गरोदर स्त्रीने ही कॅप्सूल हाताळूच नये. इतरांनीही हातमोजे घालूनच द्यावी. ती उघडू, फोडू किंवा चावू नये, आणि भुकटी त्वचेला लागलीच तर साबण-पाण्याने लगेच स्वच्छ धुवावे. सुदैवाने त्या दिवशी डबी मीच उघडली. तेव्हापासून कॅप्सूल मूळ बाटलीतच, कपाटात कुलपात राहते. पुरुष रुग्णांनी हेही लक्षात ठेवावे की औषध वीर्यातही उतरते, त्यामुळे उपचार चालू असताना आणि संपल्यावर चार आठवडे निरोध वापरणे आवश्यक असते. त्याच मुदतीत रक्तदानही कोणीच करायचे नसते.

औषध दुकानाच्या सेवेबद्दलही एक गोष्ट नोंदवतो. कॅप्सूलसोबत आईला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आहे, आठवड्यातून एकदाच, सकाळी नाश्त्यानंतर. दुकानदाराने पाकिटावर नेहमीच्या सवयीने ‘१-०-०’ एवढेच लिहिले, ज्याचा अर्थ कोणीही ‘रोज सकाळी एक’ असाच घेईल. आम्ही डॉक्टरांची चिठ्ठी पुन्हा वाचली म्हणून वाचलो. आता मी दुकानातच उभे राहून पाकिटावर ‘फक्त सोमवारी’ असे मराठीत लिहून घेतो, आणि त्या रात्री आईला झोप कमी लागते व दुसऱ्या दिवशी साखर वाढते हे गृहीत धरून तिची तपासणी करतो.

या दोन औषधांच्या जोडीने रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टरांनी तिला अ‍ॅस्पिरिन दिले आहे. एकाच पायाला सूज आली किंवा अचानक धाप लागली तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे असते. ताप १००.४ वर गेला तर पॅरासिटामॉल देऊन बसून न राहता आधी डॉक्टरांना फोन करायचा. सर्वांत कठीण गेले ते नातेवाइकांना थोपवणे. कोणी काढा आणला, कोणी भस्म, तर कोणी गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅकच्या गोळ्या. मायलोमात अशा वेदनाशामकांनी मूत्रपिंड आणखी बिघडू शकते, हे आम्ही प्रत्येकाला समजावून सांगितले आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही द्यायचे नाही असे ठरवले.

बाटलीसोबत येणारे माहितीपत्रक इंग्रजीत आणि इतक्या बारीक अक्षरांत आहे की निवृत्त शिक्षिका असलेल्या माझ्या आईलाही ते वाचता येत नाही. औषधाला मी पाचपैकी पाच गुण देतो, बाटलीला आणि पत्रकाला एक. ज्यांच्या घरी ही बाटली पहिल्यांदाच येणार आहे त्यांनी ती हातात पडताच कॅप्सूल मोजाव्यात, पहिल्या आणि एकविसाव्या दिवसाची तारीख झाकणावर चिकटपट्टी लावून ठळक लिहावी, आणि उरलेल्या कॅप्सूलांचे काय करायचे हे पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना विचारावे. आमच्या बाटलीच्या झाकणावर ती पट्टी आता आईच स्वतःच्या अक्षरात लिहिते.