बेळगावचे दिवाळीतले किल्ले: तिकीट नाही, पण बघायची एक रीत आहे

थिएटरात अडीचशे रुपये घालवले की माणूस बाहेर येता येता मोबाईलवर स्टार देतो. गल्लीतली पोरं सहामाही परीक्षा सांभाळून चिखलात राबतात आणि किल्ला उभा करतात, त्यावर मात्र कुणी चार ओळी लिहीत नाही. म्हणून यंदा मीच लिहितोय. मी वडगावचा, धंद्यानं गवंडी, आता लहानसहान कंत्राटं घेतो. त्यामुळं किल्ल्यापुढं उभा राहिलो की माझी नजर आधी तटाच्या ओळंब्याकडं जाते. मावळे, तोफा, दिव्यांच्या माळा वगैरे मागनं.

बाहेरगावच्यांना थोडं सांगायला हवं. दिवाळीत अंगणात पोती टाकून लहान किल्ला करायची पद्धत सगळीकडं आहे. आमच्याकडं तो अंगणातून गल्लीत आलाय. वडगाव, शहापूर, अनगोळ, जुनं गावठाण, शिवाय येळ्ळूर-कंग्राळीसारखी आजूबाजूची गावं, जिथं मोकळा कोपरा किंवा कुणाचा रिकामा प्लॉट सापडेल तिथं किल्ला. काही किल्ले एवढे मोठे की पाठीमागची बाजू बघायला वळसा घालावा लागतो. लक्ष्मीपूजन झालं की लोक घरच्यांना घेऊन बघायला निघतात आणि तुळशीच्या लग्नापर्यंत हे चालतं. तिकीट नाही, पास नाही, कुणाच्या ओळखीची गरज नाही.

आता मालाबद्दल बोलतो, कारण त्यातलं मला कळतं. वडगाव-येळ्ळूर भागातली माती काळी, भाताची. बासमती छान येतो तिच्यात, पण किल्ल्याला ती दगा देते. ओली असताना लोण्यासारखी बसते आणि वाळली की बुरुजाला बोट जाईल एवढ्या भेगा. खानापूरकडची लाल माती धरून राहते, उगीच का तिकडं कुंभारकाम आणि कौलांचा धंदा वाढला. आमच्याच भागात एका पोराला विचारलं, "तट कशानं लिंपलाईस रे?" तर म्हणाला, "पैला काळीच घातलो मामा, ती फुटूलालती. मग भावाच्या टेम्पोतनं लाल आणलो, भुसा घालून मळलो आणि वरनं हात मारलो." नववीतलं पोर. माझ्याकडं कामाला येणाऱ्या दोघा-तिघांना अजून हे समजत नाही.

या पोरांनी राजगड केला होता, आणि यंदा मी बघितलेल्यात पहिला नंबर त्याचाच. राजगड करायचा म्हणजे बालेकिल्ला आणि भोवती पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन माच्या. बहुतेक ठिकाणी तिन्ही माच्या सारख्याच लांबवून ठेवतात. इथं संजीवनीचा दुहेरी तट खरोखर दुहेरी होता. आत एक भिंत, बाहेर एक, आणि मधली वाट जेमतेम करंगळी जाईल एवढी सोडलेली. ती वाट बुरुजापाशी वळते तिथं खाली उतरायला पायऱ्याही होत्या, आगपेटीच्या काड्या मोडून बसवलेल्या. सुवेळा माचीच्या खडकाला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. तेही पाडलेलं, आणि पलीकडं पणती अशी ठेवलेली की गुडघ्यावर बसून बघितलं तरच ज्योत दिसते. तिथं शर्टपँटातले, लुंगीतले, नऊवारीतले सगळे गुडघ्यावर. तटाच्या उतारावर हळीव पेरला होता आणि तो बरोबर दिवाळीला दोन बोटं वर आला होता. पेरणीचा हा हिशेब जमणं सोपं नसतं.

यंदा पोरांची निवडही जरा बदललेली दिसली. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. एरवी रायगड, प्रतापगड, पन्हाळा यांच्यापुढं गाडी जात नाही. शहापुरातल्या एका बोळात चक्क जिंजी होता. तीन डोंगर, तिन्हींना जोडणारी तटबंदी, आणि डोंगरावरच्या गोलमटोल शिळांसाठी नदीतले गोटे आणून रचलेले. बांधकाम मध्यमच, एक डोंगर उजवीकडं कललेला. पण मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो तो इथंच.

कारण सांगणारं पोर. घरात कन्नड, शाळा इंग्रजी, गल्लीत मराठी, असला आमचा नेहमीचा बेळगावी नमुना. ते हातात बारीक काठी घेऊन उभं. १६८९ मध्ये संभाजी महाराजांना मारल्यावर रायगडाला वेढा पडला, राजाराम महाराज वेष बदलून दक्षिणेकडं जिंजीला निघाले, वाटेत कर्नाटकातल्या केळदीच्या राणी चन्नम्मानं त्यांना आसरा दिला, त्यापायी औरंगजेबाचं सैन्य तिच्यावर चालून आलं आणि तरी ती हटली नाही, हे त्यानं मराठीत धडाधडा सांगितलं. माझ्याशेजारी एक अज्जी होत्या, गोकाककडच्या असाव्यात बोलण्यावरनं. त्यांना 'चन्नम्मा' तेवढं कळलं. "नम्म चन्नम्मा एन?" म्हणाल्या, म्हणजे आमची चन्नम्मा काय? पोरगं लगेच कन्नडवर आलं, "किट्टूर चन्नम्मा अल्लरी अज्जी, केळदी चन्नम्मा," म्हणजे इंग्रजांशी लढलेली ती किट्टूरची नव्हे, ही केळदीची, आणि सगळी गोष्ट पहिल्यापासून पुन्हा. मागं उभ्या असलेल्या मराठी मंडळींनी दुसऱ्यांदा ऐकून घेतली, कुणी घाई केली नाही. अज्जींनी नंतर विचारलं, राणी कुठं आहे ह्यात? राणी नव्हती. पोरांनी एकमेकांकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पुन्हा गेलो, तर किल्ल्याच्या अलीकडच्या टोकाला घोड्यावरची एक बाई उभी होती. कुठल्या तरी झाशीच्या राणीच्या मूर्तीचा फेटा पुसून काढलेला. चालायचंच.

त्याच किल्ल्यावरच्या तोफा लोखंडी होत्या, बारीक पाइपाचे तुकडे तिरके कापून घासलेले. कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्या चाचांनी करून दिल्या म्हणे, आणि वायरिंगही त्यांच्याच दुकानातनं ओढलेलं. चाचा स्वतः स्टूल टाकून बसले होते आणि पोरांपेक्षा तेच जास्त सांगत होते, "ती डावीकडची तोफ बघा, तिला कडा कशा मारल्यात."

आमच्याकडं भाषेवरनं काय काय होतं ते मी सांगायला नको. २०२४ साली लक्ष्मीपूजन नेमकं १ नोव्हेंबरला आलं. एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडं मराठी लोकांची निषेधाची काळ्या दिनाची फेरी, रस्त्यारस्त्यावर पोलीस. त्या दिवशी रात्री आमच्या गल्लीतल्या किल्ल्यापुढं कन्नड झेंड्याच्या रंगाचं लाल-पिवळं उपरणं खिशात कोंबलेली माणसं मी माझ्या डोळ्यांनी बघितलीत, पोरांना कडेवर घेऊन "अदु नोडु, आनि बंतु" करत हत्ती दाखवताना. त्यांना कुणी काही विचारलं नाही. किल्ला बघायला आलेल्याला किल्ल्याबद्दलच विचारतात.

आता तक्रारी, त्याही आहेतच.

एका मोठ्या मंडळाचा रायगड बघितला, नाव लिहीत नाही. प्लायवूड, थर्माकोल, प्लास्टर, कारागीर पैसे देऊन आणलेले. काम सफाईदार, त्यात खोट काढता येणार नाही. पण दोन हातांवर बांबूचं कुंपण, निवेदन रेकॉर्ड केलेलं, आणि प्रवेशालाच पुढाऱ्यांचा फ्लेक्स, जगदीश्वराच्या देवळापेक्षा दहापट मोठा. काही विचारायचं तर विचारणार कुणाला? कार्यकर्ते शिट्टी वाजवून पुढं चला, पुढं चला करत होते. लोक फोटो काढून पाच मिनिटांत बाहेर. स्पर्धेतलं बक्षीस अशांना मिळतं, मिळू दे. परीक्षकांनी एकदा सांगणाऱ्या पोरांनाही मार्क ठेवावेत असं माझं मत आहे.

दुसरं, सिंधुदुर्ग. यंदा पाण्यातले किल्ले बरेच दिसले. ताडपत्रीचा हौद करायचा, पाण्यात नीळ टाकायची, मधे किल्ला. दिसतं भारी. पण सिंधुदुर्गाचा महादरवाजा लांबून दिसतच नाही, दोन बुरुजांच्या वळणात लपवलेला आहे, त्यातच त्या बांधकामाची सगळी हुशारी. १६६४ मध्ये कुरटे बेटावर काम सुरू झालं तेव्हा पायात शिसं ओतलं ते सगळे सांगतात, आणि दरवाजा मात्र लग्नाच्या मांडवासारखा समोर. अशा एका ठिकाणी हौद गळत होता आणि दोन पोरं रात्रभर कळशीनं समुद्र भरत होती. त्यांना मी एम-सील आणून दिलं, दरवाज्याचंही सांगितलं. हौद थांबला. दरवाजा आहे तिथंच आहे.

जाणार असाल तर सातनंतर जा. उजेडात बल्बच्या वायरी तेवढ्या दिसतात. चारचाकी नाथ पै सर्कलच्या आसपास कुठं तरी लावा आणि शहापूरच्या गल्ल्या पायीच फिरा, बोळात गाडी घातली तर पोरांच्या शिव्या खाल. परतीचा पाऊस लागला तर फोन करून विचारा किंवा सरळ दुसऱ्या दिवशी जा. ताडपत्री टाकलेला किल्ला उघडून दाखवा असा हट्ट धरू नका. वाटेत गिरमिट-मिरची मिळते, खाऊन घ्या, पण तेलकट हातानं बुरुजाला हात लावू नका. लहान पोरांना पुढं सोडा. आणि जिथं कुणी सांगणारं उभं असेल तिथं एक तरी प्रश्न विचारा, त्यासाठी पाठ करून बसलेली असतात.

साडेचार स्टार. अर्धा फ्लेक्ससाठी कापला.

पैसे द्यावे का, असं बरेच जण विचारतात. डबा ठेवलेला असेल तर टाका, नसेल तर जबरदस्तीनं हातात कोंबू नका, पोरं लाजतात. त्यापेक्षा ताडपत्रीचं भाडं कोण भरतंय ते विचारा आणि तिथं द्या. यंदा तिघांनी मला तोच खर्च सांगितला.