मुंबईत कीटो परवडतं का? वर्षभर बाजार फिरल्यावरचा अनुभव

आधी निकाल सांगते, मग पाल्हाळ. परवडतं. अट एकच, पाकिटावर 'कीटो' लिहिलेलं काहीही घ्यायचं नाही. कीटो आटा, कीटो ब्रेड, कीटो कुकीज, हे सगळं सुपरमार्केटमध्ये वेगळ्या चकाचक रॅकवर मांडलेलं असतं आणि अर्धा किलो पिठाला चार-पाचशे मोजायला लावतात. ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने सगळं ॲपवरूनच मागवून हेच डाएट केलं, तिचं महिन्याचं बिल माझ्या जवळजवळ दुप्पट यायचं आणि शेवटी कंटाळून तिने सोडून दिलं. माझं एकटीचं खाणं महिन्याला साडेसहा-सात हजारांत बसतं, मासे-चिकन धरून. घरातले बाकीचे त्यांची पोळी-भाजी, वरण-भात खातात, तो हिशोब वेगळा.

ज्यांना कीटोचं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी, दिवसाला २० ते ५० ग्रॅमच्या आत कार्ब्ज (म्हणजे पिठूळ-गोड पदार्थांतली कर्बोदकं), प्रोटीन बेताचं आणि बाकी पोट फॅटवर भरायचं. १९२० च्या दशकात फिट्स येणाऱ्या पेशंटसाठी डॉक्टरांनी काढलेला आहार आहे हा, वजन कमी करण्याचं प्रकरण नंतर चिकटलं. शुगरच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करूच नका, डायबिटीसच्या काही गोळ्यांबरोबर हे डाएट खरंच धोक्याचं ठरू शकतं. वजनाबद्दल मी इथे फार बोलत नाही, उतरलं एवढं पुरे, विषय खर्चाचा आहे.

तर खर्च. लोकांना वाटतं कीटो म्हणजे बदाम, अक्रोड, ॲव्होकाडो, ऑलिव्ह ऑइल. अहो, फॅटच हवं ना, मग आपलं तूप काय वाईट आहे? १०० ग्रॅम तुपात ९०० च्या आसपास कॅलरी, बदामात ५८० वगैरे, आणि किलोचा भाव बदामाचा जास्त. म्हणजे पोट भरायला बदामापेक्षा तूप स्वस्त निघतं, आणि त्याहून स्वस्त शेंगदाण्याचं तेल. खोबरेल तेल मी सुरुवातीला भरपूर वापरायचे पण २०२५ मध्ये त्याचा भाव असा काही भडकला की आता फोडणीपुरतंच. ओला नारळ मात्र सोडला नाही, १०० ग्रॅम खोबऱ्यात फायबर वजा जाता (ते पचत नाही म्हणून मोजायचं नाही) ६ ग्रॅमच कार्ब्ज, आणि आपल्याकडे तसंही कशावरही खोबरं पेरायची सवय असतेच.

एक चांगली गोष्ट मध्येच झाली, २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी कमी झाला. पाकिटातल्या पनीरवर ५ टक्के होता तो शून्य, लोणी, तूप, चीज, बदाम १२ वरून ५ वर. अमूल बटरची १०० ग्रॅमची वडी ६२ ची ५८ ला आली. चार रुपये ऐकायला काहीच नाहीत पण ज्याच्या घरी तूप-बटर पाण्यासारखं लागतं त्याला महिन्याच्या बिलात दिसतं. जुना स्टॉक जुन्याच भावात खपवणारे दुकानदारही भेटले, तेव्हा काही दिवस एमआरपी बघूनच घेत होते.

अंडी. दिवसाला तीन-चार लागतातच, त्यामुळे डझनावर घेणं बंद, तीसचा ट्रे घ्यायचा. एनईसीसी, म्हणजे अंडी उत्पादकांची समिती, रोजचा भाव शेकड्यावर जाहीर करते, तो फोनवर बघून मग अंडीवाल्याकडे जा, किरकोळीत त्यावर वाजवी मार्जिन असतंच पण कोण किती जास्त लावतोय ते कळतं. श्रावणात मागणी पडते, भाव उतरतो. थंडीत चढतो. अंड्याचे भाव सांगून कोणी ज्योतिषी होत नाही पण एवढं ठरलेलं असतं.

पनीरवर जरा सविस्तर बोलते कारण तिथेच सगळ्यात जास्त फसवणूक आहे. एक किलो पनीरला साधारण पाच लिटर फुल क्रीम दूध लागतं. आता दुधाचा भाव सत्तरच्या आसपास धरा, म्हणजे नुसत्या दुधाचेच साडेतीनशे झाले, मग गॅस, मजुरी, दुकानाचं भाडं. आणि समोर काउंटरवर सुटं पनीर अडीचशे रुपये किलो! मग ते दुधाचं असेल का, तुम्हीच सांगा. पाम तेल, दूध पावडर, कधी स्टार्च घालून केलेलं असतं, आणि आपल्याला स्टार्चच टाळायचंय. घरी तपासायचं असेल तर तुकडा पाण्यात उकळा, गार करा आणि केमिस्टकडच्या आयोडीन टिंक्चरचे दोन थेंब टाका. निळं-काळं पडलं तर स्टार्च आहे. पण नाही पडलं म्हणून लगेच शुद्ध समजू नका, तेल घातलेलं असेल तर आयोडीनला ते कळत नाही. आमच्या स्टेशनबाहेरच्या एका डेअरीचं पनीर मी असंच तपासलं, वाटीतलं पाणी शाईसारखं झालं, आणि दुकानदाराला सांगितलं तर म्हणतो, "मॅडम, आम्ही फक्त विकतो." तेव्हापासून घरी करते. ६ टक्के फॅटचं दूध, उकळी आली की गॅस बंद, मिनिटभर थांबून लिंबू, मलमलच्या फडक्यात बांधून वर पोळपाट आणि पोळपाटावर पाण्याने भरलेला कुकर. लिटरला दोनशे ग्रॅमच्या आसपास पडतं. वरचं पाणी मी पीत नाही, दुधाची साखर बरीचशी त्यातच उतरते, ते सासूबाई कणीक भिजवायला घेतात आणि पोळ्या खरंच मऊ होतात.

मासे. इथे मुंबईत राहण्याचा खरा फायदा आहे. पापलेट-सुरमईच्या नादाला लागू नका, बांगडा आणि तारली घ्या. तेलकट मासे, म्हणजे आपल्याला हवेत तसेच, आणि खिशाला हलके. माझा नेम असा की ऑफिसमधून सुटताना क्रॉफर्ड मार्केटला जायचं नाही, तिथे बघूनच भाव सांगतात, भांडुपला उतरून स्टेशनजवळ ज्या मावशी बसतात त्यांच्याकडे जायचं, आठ-साडेआठनंतर. त्या वेळी पाटीत उरलेलं संपवायचं असतं. वाट्याचे दोनशे सांगितले की मी दीडशे म्हणते, मग त्या माझ्याकडे न बघता म्हणतात, "घे गं बाय, नि हे दोन वरचे पण टाक, घरी नेऊन काय करू." कल्ला उचलून लाल आहे ना बघायचं, बोटाने दाबायचं, खड्डा पडून राहिला तर घ्यायचं नाही, स्वस्त आहे म्हणूनसुद्धा नाही. आणि मावशींकडूनच साफ करून घ्या, बांगड्याची घाण बिल्डिंगच्या कचऱ्यात दोन दिवस राहिली की शेजारी तुमच्या कीटोचं कौतुक करत नाहीत.

चिकनवाले सगळे सवयीने स्किन काढून देतात. आपल्याला स्किन हवी असते, आणि स्किनसकट किलोला भाव कमी. आधीच सांगावं लागतं, सुरी चालायच्या आत. बकऱ्याचे पाय आणून सूप केलं की पहिल्या आठवड्यातली डोकेदुखी आणि गळून जाणं बरंच आवरतं, कारण कार्ब्ज तोडले की अंगातलं पाणी आणि मीठ भराभर बाहेर जातं. त्यासाठी इलेक्ट्रोलाइटची (म्हणजे क्षारांची) महागडी पाकिटं विकतात, मला तरी मीठ-लिंबाचं पाणी आणि हे सूप पुरलं.

सुक्या मेव्यासाठी मस्जिद बंदर. ऑफिस सीएसएमटीजवळ असल्यामुळे लंच टाइममध्ये उरकतं. आख्खे मामरा बदाम वगैरे राहू दे, तुकडा बदाम मागा, पीठच तर करायचंय. आधी एक चावून बघा, खवट लागला तर पुढच्या दुकानात. काजू विसरा, १०० ग्रॅममध्ये ३० ग्रॅम कार्ब्ज आहेत. शेंगदाण्यात १६, त्यातलं निम्मं फायबर, म्हणजे मूठभर चालतात, आणि बदामापुढे भाव किती कमी! पण खरी हिरोईन जवस. १०० ग्रॅममध्ये २९ ग्रॅम कार्ब्ज आणि त्यातले २७ फायबर, म्हणजे उरतं काय, काहीच नाही. किराणावाल्याकडे सव्वाशे-दीडशेला किलो मिळणारी वस्तू तीच दळून परदेशी नावाने पाकिटात घातली की तिप्पट. जवसाचं पीठ, केमिस्टकडचा इसबगोल चमचाभर, मीठ, कडकडीत पाणी, दहा मिनिटं झाकून ठेवून दोन प्लास्टिकच्या कागदांत थापायची, भाकरीसारखी होते. भाकरीच आहे असं म्हणणार नाही, ज्वारीची चव ज्वारीचीच, पण वांग्याच्या भरताबरोबर जाते. पीठ एकदम दळून ठेवू नका, पडून खवट झालं की पेंटसारखा वास येतो. थोडं दळा, फ्रिजमध्ये ठेवा.

साखरेऐवजी म्हणून ज्या पुड्या मिळतात त्यांचं मागचं बारीक अक्षर वाचा, बऱ्याच पुड्यांत माल्टोडेक्स्ट्रिन असतं, ते स्टार्चचंच पोर. शुगर-फ्री चॉकलेटमध्ये माल्टिटॉल नावाचं स्वीटनर, ते रक्तातली साखर चढवतं आणि पोटही बिघडवतं. मी गोडच बंद केलं, सगळ्यात स्वस्त.

भाज्या दादरला, सकाळी लवकर, पुलाखाली. पालक, मेथी, शेपू, चवळीची पालेभाजी, दुधी, पडवळ, शिराळं, वांगी, भोपळी मिरची, कशालाच अडचण नाही, फक्त बटाटा-गाजर-बीट नाही आणि कांदा हात आखडून. फ्लॉवर किसून भात करतात तो थंडीत परवडतो, पावसाळ्यात फ्लॉवर महाग आणि आत अळ्या. त्याऐवजी जून-जुलैत आदिवासी बायका रानभाज्या घेऊन स्टेशनबाहेर बसतात, टाकळा, कुरडू, शेवळं, त्या घ्या. शेवळांबरोबर काकडं (आंबट रानफळं) मागून घ्यायला विसरू नका, नाहीतर घसा असा खाजतो की डाएट काय, जेवणच नको वाटतं.

पावसाळाच खरी परीक्षा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, ताज्या माशाचा भाव गगनाला, ती बंदी संपते न संपते तोवर श्रावण आणि आमच्याकडे श्रावण पाळतात. म्हणून मे महिन्यातच सुके बोंबील, सुकट, जवळा भरून ठेवते, ऊन देऊन घट्ट डब्यात. त्यात फॅट फारसं नाही, तर तेल-खोबरं सढळ. श्रावणात पूर्ण व्हेज कीटो, आणि खरं सांगायचं तर तो महिना सगळ्यात महाग आणि सगळ्यात कंटाळवाणा जातो, पनीर, पनीर आणि पनीर. जे कायमचे शाकाहारी आहेत त्यांनी माझा सात हजारांचा आकडा धरू नये, त्यांचा जास्तच येईल.

बाहेर खायचं तर इराण्याकडे खिमा नाहीतर ऑम्लेट, पाव नको सांगायचं. भुर्जीच्या गाडीवर पण तेच, फक्त पाव नको म्हटलं तरी पैसे तेवढेच घेतात, वाद घालू नका, जास्त तेल सोडायला सांगा. मालवणी खानावळीत तळलेल्या माशाला रवा लावतात, आधीच सांगितलं तर नुसत्या मसाल्यात तव्यावर देतात, फक्त गर्दीच्या वेळी वेटरच्या लक्षात राहत नाही.

आत्ता थंडी सुरू झाली, फ्लॉवर उतरलाय आणि अंड्याने वर जायला सुरुवात केलीये. त्यामुळे या महिन्यात सकाळच्या दोन अंड्यांच्या जागी घरचं पनीर आणि रात्री बांगडा जास्त, बिल बहुतेक तेवढ्यातच बसेल.